परमेश्वराच्या मुखत्यारास अनावृत पत्र

पाचोरा

राजमान्य राजश्री आप्पासाहेब यांस,


ज्या शाळेच्या कारभारात आपला शब्द अखेरचा मानला जातो, तिच्या ओसरीतील फळ्यावर आठवीची मुले रोजचे कमाल व किमान तापमान खडूने लिहीत असत, आणि शेजारी, विज्ञानाच्या मास्तरांच्या सांगण्यावरून, कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी तापत आहे असे एक वाक्य असे. गेल्या आठवड्यात आपण तो फळा ऐन परिपाठाच्या वेळी शिपायाकडून ओल्या फडक्याने पुसून घेतलात, त्यावर ‘पाऊसपाणी देवाच्या हाती’ असे लिहविलेत आणि ‘देवनी करनी शे, मास्तर’ असे बजावून वर मुलांदेखत ऐकविलेत की, शास्त्रज्ञांचे एकमत ही तुमची श्रद्धा, देव ही आमची, आणि या शाळेत आमची चालेल. एकटे वाक्य पुसले असतेत तर तो मतभेद ठरला असता. आपण आकडेही पुसलेत. खानदेशातील एप्रिलचा पारा एका फडक्याने उतरविण्याचे हे सामर्थ्य पाहून मी स्तिमित झालो आणि आपले जाहीर अभिनंदन करावे म्हणून लेखणी उचलली.

आपल्या इतर मतांविषयी माझी मोठी तक्रार नाही. पौषात थंडी पडली की ‘कुठे गेली तापमानवाढ?’ असा निरोप आपण साऱ्या गोतावळ्याला मोबाइलवरून धाडता. तो मी वाचतो आणि सोडून देतो. हवामान पूर्वीही बदलत होते हे आपले म्हणणे तर सोळा आणे खरे आहे. मात्र ते पूर्वी का व कसे बदलले हे ज्यांनी शोधून काढले, तेच लोक या खेपेचे कारण निराळे आहे असे सांगत आहेत. मला झोंबले ते एवढेच की, त्यांच्या एकमताला आपण श्रद्धा म्हणालात.

आप्पासाहेब, १८५९ साली जॉन टिंडलने प्रयोगशाळेतील नळीत निरनिराळे वायू भरून त्यांपैकी कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवितो हे मोजून दाखविले, तेव्हा ना कोणती जागतिक परिषद भरली होती, ना कोणा सरकारला कर बसवावयाचा होता. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू हवेत दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचा हिशेब कागदावर मांडला, आणि थंड मुलखातील त्या गृहस्थाला पुढे ते वर्तमान शुभच वाटले. त्याच्या हिशेबावर पहिला मोठा आक्षेप घेतला तो त्याच्याच देशातील आंगस्ट्रॉमने, आणि त्यानंतर कित्येक दशके बहुतेक विद्वान अऱ्हेनियसलाच चुकीचा मानीत राहिले. म्हणजे एकमत होते ते आपल्याच बाजूचे होते! ते मोडले मोजमापाने. १९५८ पासून चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवा तपासावयास घेतली, तेव्हा दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे. वाढलेला कार्बन जमिनीत गाडलेल्या कोळशातेलातूनच आला हे त्याच्या अणूंच्या घडणीवरून ओळखता येते. आणि सारा दोष सूर्याचा म्हणावा, तर खालच्या थरांबरोबर वातावरणाचा वरचा थरही तापावयास हवा होता, तो उलट थंड होत आहे. परस्परांची चूक काढून नाव मिळविणे हाच ज्यांचा आजन्म उद्योग, अशा ६६ देशांतील २३४ लेखकांनी १४ हजारांहून अधिक संशोधनलेख चाळून २०२१ मध्ये, माणसाने पृथ्वी तापविली हे निःसंशय आहे, असे लिहून दिले. भाऊबंदकीच्या दाव्यात गुंतलेल्या चार भावांची सही एका कागदावर घेणे किती दुष्कर असते, हे आपणास मी सांगावे काय?

बरे, तापमापकावरच आपला अविश्वास म्हणावा, तर गिरणाकाठच्या आपल्या केळीचा विमा त्याच यंत्राच्या भरवशावर आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात कोणी बागेत येऊन घड मोजीत नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने ठराविक दिवस ठराविक अंश नोंदविले की भरपाई देय होते. मागच्या खेपेस पारा मर्यादेच्या किंचित खाली राहिला, तेव्हा एका दशांशासाठी आपण भर कचेरीत टेबलावर मूठ आपटलीत. त्या दिवशी दशांश पवित्र होता. मुलांच्या हस्ताक्षरात तो पाखंडी ठरला.

आणि श्रद्धाच म्हणाल, तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आपण ज्या भेंडवळच्या घटमांडणीच्या भाकिताकडे कान लावून बसता, तिचेही वर्तन आपल्यापेक्षा प्रांजळ आहे. तेथे धान्ये मांडून, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून, सूर्योदयाला जे दिसले ते चारचौघांत सांगितले जाते. चुकले तर चुकले म्हणून हसावयास सारा मुलूख मोकळा असतो. आपण मात्र चूक उघडी पडण्याची सोयच फडक्याने पुसता.

मीही माळकरी आहे, म्हणून खरा संताप येतो तो येथे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतून निघतो तो कोळशाचा धूर. तो कोळसा माणसाने खणला, माणसाने आणला, माणसाने जाळला आणि त्याच्या विजेवर आपल्या विहिरीचा पंप व माझा पंखा चालतो. या धुराचे खाते परस्पर परमेश्वराच्या नावे चढविण्याचे मुखत्यारपत्र आपणास कोणी दिले? स्वतःच्या कर्माची झाडाझडती टाळण्यासाठी देवाला पुढे करणे ही भक्ती नव्हे, हा शुद्ध लबाडपणा आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलांना तो शिकविणे हे पाप आहे!

असो. रागाच्या भरात एक गोष्ट विसरून चालणार नाही: आपणही पोळलेले आहात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगाव बुडविले. आपल्याकडे हाताशी आलेली कपाशी पाण्यात उभी राहून कुजते हेही नवे राहिलेले नाही. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल प्रभृतींनी २०१७ मध्ये दाखवून दिले. पण ते आपल्या बांधावर येऊन, आपल्या बोलीत, कोणी सांगितले? आपल्याकडे आला तो पंचनाम्याचा कागद, आणि तोही पाणी ओसरून चिखल वाळल्यावर. पाऊस वेळेवर येणार या सांगण्यावर पेरलेत, तो आला नाही आणि दुबार पेरणीसाठी सावकाराचे दार ठोठावलेत. ज्यांच्या एका विमानप्रवासाचा धूर आपल्या घरच्या कैक महिन्यांच्या धुराला भारी पडतो, त्यांनीच आपणास काटकसरीची प्रवचने ऐकविली. इतक्यांनी फसविल्यावर जो कधी पंचनाम्याला येत नाही आणि कधी खोटे आश्वासन देत नाही, त्या देवाच्याच पायांशी माणूस बसला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु आप्पासाहेब, आपणास फसविले ते माणसांनी, पाऱ्याने नव्हे. आणि नुकसानभरपाई मागावयाची तर अपराध्याचे नाव अर्जात लिहावेच लागते. ते ठिकाण देवाच्या नावाने भरलेत, तर खरे देणेकरी सुखाने झोपतील.

तेव्हा मास्तरांची क्षमा मुलांदेखत मागावी, ही विनंती. ती मान्य नसेल, तर या वर्षीच्या विम्याच्या अर्जासोबत मुद्रांकावर एक प्रतिज्ञापत्र जोडावे की, तापमापक हे परधर्मीयांचे दैवत असल्यामुळे त्याच्या कौलाने मिळणारी रक्कम आपणास वर्ज्य आहे. साक्षीदार म्हणून सही करावयास मी येईन; शाईसुद्धा माझीच आणीन.

आपला नम्र,
पाचोऱ्यातील एक भाविक