दुकानप्रवेशी शिरस्त्राणविधी : जयनगरातील दुचाकीस्वारांसाठी

दुचाकी उभी केल्यापासून दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंतच्या पंधरा-वीस पावलांत हेल्मेटचे काय करावे, याविषयी धर्मशास्त्र मौन बाळगून आहे आणि मोटार वाहन कायदाही. १९८८ च्या या कायद्याचे कलम १२९, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चार वर्षांवरील प्रत्येक स्वाराने आणि त्याच्या मागे बसणाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी प्रमाणित शिरस्त्राण घालावे व ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधावे, असे बजावते. परंतु स्वार गाडीवरून उतरला की कलम त्याची साथ सोडते आणि पुढला मार्ग त्याला निव्वळ शिष्टाचाराच्या आधाराने काढावा लागतो. हा शिष्टाचार कोठेही लिहून ठेवलेला नसल्यामुळे आपल्याकडून तो मोडला गेला, हे स्वाराला बहुधा दारावरच्या पहारेकऱ्याकडून आणि चारचौघांत कळते. तो प्रसंग टळावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

विवेचनासाठी बेंगळुरूचे जयनगर निवडण्यास सबळ कारण आहे. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीची पायाभरणी १९४८ मध्ये झाली आणि ती आखताना ब्लॉक, मेन व क्रॉस अशी शिस्तबद्ध विभागणी करण्यात आली. येथे ब्लॉक म्हणजे पेठेसारखा विभाग, मेन म्हणजे लांब रस्ता आणि क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा आडवा रस्ता. या आखणीचा परिणाम असा की घरापासून किराणा दोन क्रॉसवर, औषधे तीन क्रॉसवर आणि साड्या, सोने व बँका चौथ्या ब्लॉकात, म्हणजे चालत जावे तर लांब आणि हेल्मेट घालावे तर जवळ, अशा नेमक्या अडनिड्या अंतरावर येतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतून मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला आलेल्या ज्येष्ठ मराठी स्वारास हे अंतर ओळखीचे वाटते आणि तो त्यावर आपला जुना उपाय योजतो.

तो उपाय म्हणजे कूर्परस्थिती. कूर्पर म्हणजे कोपर. हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवून दुचाकी चालविण्याच्या अवस्थेस येथे हे नाव दिले आहे. कलमात डोक्याचा स्पष्ट उल्लेख असल्याने या अवस्थेस कायद्याचा आधार नाही, पण लोकमान्यता मोठी आहे. अभ्यासकाचे लक्ष वेधणारी गोष्ट पुढेच आहे. घरापासून दुकानापर्यंत कोपरात आलेले हेल्मेट, दुकानापाशी पोहोचल्यावर दोन्ही हातांत पिशव्या येणार हे ध्यानात येऊन, बरोबर त्याच वेळी डोक्यावर चढते. आणि असा स्वार तांदळाच्या पोत्यांमधून, जेथे त्याला टक्कर होण्याचा संभव फक्त लटकवलेल्या शाम्पूच्या पुड्यांशी असतो, पूर्ण संरक्षित मस्तकाने हिंडतो. परततानाही पिशव्या हँडलला, हेल्मेट कोपराला आणि मस्तक वाऱ्याला. वस्तू तीच, माणूस तोच. फक्त धोका जेथे आहे तेथे ती हातावर आणि नाही तेथे डोक्यावर असते. जयनगरच्या पूर्वेस होसूर रस्त्यालगत निमहान्स ही मेंदू व मज्जासंस्थेच्या उपचारांची देशात नावाजलेली संस्था आहे आणि डोक्याला मार बसलेले दुचाकीस्वार तेथे रोज आणले जातात, ही माहिती दोन क्रॉसच्या प्रवासाला लागू होत नाही, अशी या पंथाची श्रद्धा आहे.

आता मुख्य प्रश्न असा की दुकानात हेल्मेट काढावे तरी का. डोके झाकून दुसऱ्याच्या दारी जाणे हा आपल्याकडे कधीच अपमान नव्हता. पेशवाईत बोडक्या डोक्याने दरबारात जाणे असभ्य मानले जाई. पगडी शिरावर राही आणि पायताण बाहेर. म्हैसूर संस्थानातही हीच रीत होती आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांनी खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविले, ते जरीकाठी म्हैसुरी पेट्यावाचून छायाचित्रातही सहसा दिसत नाहीत. या परंपरेच्या बळावर, हेल्मेट हे आधुनिक पागोटे असल्याने ते उतरविण्याचा आग्रह धरणाऱ्या दुकानदारास आपली संस्कृती ठाऊक नाही, असा युक्तिवाद एखादा विद्वान स्वार करू शकतो. युक्तिवाद सुबक असला तरी पहारेकऱ्यापुढे टिकत नाही, कारण पगडीतून चेहरा दिसतो. दुकानदाराचा आक्षेप डोके झाकण्याला नसून तोंड झाकण्याला आहे, आणि हा भेद ज्याला कळला त्याला पुढील सर्व नियम आपोआप कळतात.

या भेदाच्या दृष्टीने हेल्मेटांचे तीन प्रकार पडतात. हनुवटीसकट सगळे तोंड कोंडणारे ते फुल फेस. समोरून उघडे, पण काच खाली ओढता येणारे ते ओपन फेस. आणि कानांच्या वरच संपणारे, फूटपाथवर मिळणारे, ज्याचा उपयोग पोलिसाची नजर अडवण्यापलीकडे फारसा नाही, ते हाफ. मौज अशी की दुकानात सर्वांत सभ्य ठरणारे हाफ हेल्मेट रस्त्यावर सर्वांत निरुपयोगी असते, आणि आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा शिक्का अभिमानाने मिरविणारे भक्कम फुल फेस घालून सराफाच्या दारात उभा राहिलेला कायदेभीरू गृहस्थ प्रथमदर्शनी दरोडेखोर वाटतो.

किरकोळ व्यवहारात हेल्मेट न काढण्याची मुभा आहे. नंदिनीच्या बूथवरून दुधाची पिशवी घेणे, फुलवालीकडून मोळ म्हणजे हातभर गजरा घेणे, किंवा गाडीवरून पायही न उतरवता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून घेणे, या प्रसंगी काच वर करणे पुरेसे असते. काच वर करणे हे अर्धे अभिवादन होय. पूर्वी टोपीला दोन बोटे लावत, त्याच्या जागी हे आले आहे. व्यवहार किरकोळ आहे की नाही हे रकमेवरून ठरवू नये, वाक्यांवरून ठरवावे. तीन वाक्यांत उरकणारा तो किरकोळ. चौथे वाक्य लागले, भावाची घासाघीस सुरू झाली किंवा दुकानदाराने घरच्यांची खुशाली विचारली, की हेल्मेट उतरलेच पाहिजे. औषधाच्या दुकानात मात्र एका वाक्यासाठीही ते काढावे. एकसारख्या ऐकू येणाऱ्या औषधनामांच्या या देशात हनुवटीच्या कवचामागून आणि कापसाच्या अस्तरातून गाळून आलेला शब्द केमिस्टच्या कानी कोणत्या रूपात पोहोचेल याचा नेम नसतो, आणि रक्तदाबाऐवजी पित्ताची गोळी घरी नेण्याचे श्रेय शिष्टाचाराच्या अभावाला द्यावे लागते.

बँक, एटीएम आणि सराफ ही या शास्त्रातील कडक सोवळ्याची ठिकाणे. चौथ्या ब्लॉकाच्या परिसरात सराफी पेढ्या दाटीने आहेत आणि त्यांच्या काचेच्या दारावर हेल्मेटवर तांबडी फुली मारलेले चित्र आढळते; ते न दिसल्यास पहारेकरी ‘हेल्मेट तेगिरी, सार’, म्हणजे ‘हेल्मेट काढा, साहेब’, असे कन्नडमध्ये म्हणतो. येथे मराठी स्वाराने वाद घालू नये, भाषेचाही नाही आणि तत्त्वाचाही नाही. हेल्मेट दाराबाहेरच, पायरीच्या अलीकडे काढावे, कारण आत पाऊल टाकून मग पट्टा चाचपू लागलेल्या माणसाचे दोन्ही हात हनुवटीखाली काय करीत आहेत, हे कॅमेऱ्याला कळत नाही. चेहरा दिसल्याने गुन्हा टळतो या गृहीतकावर हे सारे उभे आहे. ते कितपत पक्के आहे, हे या शहराला ठाऊक आहे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी बेंगळुरूच्या कॉर्पोरेशन सर्कलपाशी एका एटीएममध्ये शिरून एका महिलेवर कोयत्याने वार करणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याचा चेहरा कॅमेऱ्यात स्वच्छ आला, देशभर दाखविला गेला, आणि तरीही तो हाती लागायला २०१७ उजाडले. तरीही नियम पाळावाच, कारण आतल्या कारकुनाला धीर येतो.

या नियमाची उलटी बाजू २०२० मध्ये पाहायला मिळाली. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे, काल ज्या दारावर ‘तोंड उघडे करून या’ असे लिहिले होते त्याच दारावर ‘तोंड झाकल्याशिवाय येऊ नये’ अशी पाटी लागली, आणि हेल्मेट काढून मास्क दाखविणे, मग ओळख पटावी म्हणून मास्क खाली ओढणे, मग पुन्हा वर करणे, असा त्रिपदी विधी रूढ झाला. महाराष्ट्रात त्याआधी २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसल्यास पेट्रोल नाही, असे जाहीर केले होते. ती योजना मागे पडली, पण तेवढ्या काळापुरते पेट्रोलपंप हे देशातील असे एकमेव दुकान ठरले की जेथे डोक्यावर हेल्मेट असणे हीच गिऱ्हाइकाची पात्रता होती. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीचा निषेध करताना काहींनी पगड्या घालून दुचाकी फेरी काढली, हे वरील पागोटेवादी युक्तिवादाचे एकमेव प्रात्यक्षिक म्हणून नोंदवून ठेवावे.

दर्शिनीत मात्र प्रश्न चेहऱ्याचा नसून जागेचा आहे, आणि तो सर्वांत बिकट आहे. दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचे स्वयंसेवा उपाहारगृह. १९८० च्या दशकात हा प्रकार जयनगरातच रुजला आणि तेथून शहरभर पसरला. येथे खुर्ची नसते, बाक नसतो, पाठ टेकायला भिंतही मिळेलच असे नाही. असते ते छातीच्या उंचीचे, स्टीलच्या एका खांबावर उभे असलेले वाटोळे टेबल, ज्यावर चार अनोळखी माणसांच्या चार बशा कडेला कड लावून मावतात. गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यायचे, ते खिडकीवर द्यायचे, एका हातात इडली-वडा, दुसऱ्या हातात काठोकाठ सांबार, आणि नंतर पुन्हा जाऊन फेसाळ फिल्टर कॉफी आणायची, अशी ही कवायत असून तिच्यात तिसऱ्या हाताची सोय नाही. हेल्मेट टेबलावर ठेवले तर दोन माणसांची जागा जाते आणि रस्त्यावरची धूळ परक्याच्या खारा बाथमध्ये, म्हणजे तिखट उपम्यात, उतरते, म्हणून ते निषिद्ध. जमिनीवर ठेवले तर फरशी पुसणाऱ्याचे ओले फडके दर पाच मिनिटांनी त्याला प्रदक्षिणा घालते, आणि काचेवर फिनेलचे ओघळ सुकतात. डोक्यावर ठेवूनच खाणारे ओपन फेस पंथीय आहेत, परंतु सांबारासाठी मान खाली घातली की काच आपसूक खाली येते आणि कॉफीची वाफ तिच्यावर धरून समोरचे जग नाहीसे होते. अनुभवी जयनगरवासी अशा वेळी हेल्मेट डाव्या कोपरात खांद्याकडे सरकवतो, बशी त्याच हाताच्या तळव्यावर तोलतो आणि उजव्या हाताने खातो. कूर्परस्थितीचे जे एकमेव समर्थनीय स्थान या विवेचनाला आढळले, ते हेच.

कर्नाटकात २०१६ च्या जानेवारीपासून मागे बसणाऱ्यासही हेल्मेट बंधनकारक झाले आणि साडीच्या दुकानातील पुरुषाच्या भूमिकेत मूलभूत बदल घडला. पूर्वी तो केवळ कंटाळत असे. आता त्याच्या मांडीवर दोन हेल्मेटे असतात, आपले खाली आणि पत्नीचे वर, आणि वरच्यात तिचा गजरा, जो अंबाड्यावर चुरगळू नये म्हणून घरून निघतानाच काढून ठेवलेला असतो. या गृहस्थास हेल्मेटधारक म्हणावे. त्याने साडीविषयी मत देऊ नये, विचारल्यास ‘छान आहे’ म्हणावे, आणि दोन्ही हेल्मेटांची तोंडे वर ठेवावीत, म्हणजे बिल, पार्किंगची चिठ्ठी आणि फॉलचा नमुना ठेवायला जागा होते. पत्नीस ‘अहो, जरा हे धरा’ असे तिसऱ्या वस्तूसंबंधी म्हणण्याचा अधिकार राहतोच.

दंडाच्या भीतीने हेल्मेट वापरणाऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. केंद्राने एक हजारावर नेलेला दंड कर्नाटकाने पाचशेवर आणला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत थकलेल्या वाहतूक दंडांवर निम्मी सूट जाहीर होताच ते भरण्यासाठी बेंगळुरूकरांनी जो उत्साह दाखविला, त्यावरून हा विषय शिष्टाचारापेक्षा सवलतीच्या अर्थशास्त्रात मोडतो असे दिसते.

उरतो तो हेल्मेट बाहेरच ठेवून जाणाऱ्यांचा वर्ग. आरशावर अडकवायचे असल्यास तोंड खाली करून अडकवावे, कारण मे महिन्यात येथे दुपारी चारनंतर पाऊस केव्हा कोसळेल ते सांगता येत नाही आणि भरलेले हेल्मेट डोक्यावर उपडे झाल्यावरच ते भरले होते हे कळते. नवव्या ब्लॉकातील रागीगुड्ड्याच्या मारुतीला शनिवारी जाताना ते चपलांच्या स्टॅंडवर द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. मस्तकीची वस्तू पायताणांच्या ओळीत ठेवणे जिवावर येते, पण स्टॅंडवाला तिचेही टोकन देतो आणि आरसा देत नाही. बँकेच्या दाराशी मात्र सर्वांची काळी हेल्मेटे एकाच ढिगात पडत असल्याने अदलाबदल होते व ती पहिल्या सिग्नलला अस्तराच्या अनोळखी वासावरून उघडकीस येते. अशा वेळी त्याच क्षणी परत फिरावे. दुसऱ्या दिवशी जाण्यात अर्थ नसतो, कारण तोपर्यंत त्या हेल्मेटाच्या मालकाने तिसऱ्याचे आणि तिसऱ्याने चौथ्याचे नेलेले असते, आणि ढिगात शेवटी जे एक उरते ते कोणाच्याच डोक्याला बसत नाही. ते पहारेकरी पावसात घरी जाताना घालतो.