तिसऱ्या घंटेनंतरचे नट

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकेक नट जन्माला येतो. मे महिन्यापर्यंत आपण नट आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. इंजिनिअरिंगची पहिली कॅप फेरी होते, दुसरी होते, तिसरीत लागलेलं कॉलेज बाबांना नकाशावर सापडत नाही. मग आईला अचानक आठवतं, "अहो, हा गॅदरिंगमध्ये किती छान काम करायचा!" त्या रात्री सगळं घर मोबाईलवर एकच गोष्ट शोधतं : नाटकाच्या कोर्सला अजून प्रवेश मिळतोय का?

मिळूही शकतो. त्याचं श्रेय मुलाच्या नशिबाला कमी आणि विद्यापीठांच्या कारभाराला जास्त. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये नाटकाची पदव्युत्तर पदवी मिळते. त्यासाठी आधी कुठली तरी पदवी लागते आणि पदवीसाठी निकाल लागावा लागतो. 2017 साली याच विद्यापीठाच्या काही निकालांनी गणपतीचं विसर्जनसुद्धा पाहिलं. परीक्षा वेळेवर देऊनही पोरं उशिरा आली, ती अशी. त्यामुळे 'मुदतवाढ' हा आपल्या प्रवेशप्रक्रियेतला सर्वांत लोकप्रिय अंक आहे. तो कधी सुरू होईल ते मात्र संकेतस्थळाच्या कुठल्या कोपऱ्यात दडवलंय, हे शोधणं हीच पहिली प्रवेश परीक्षा. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर पोचलात तर निदान बॅटरीवाला खुर्चीपर्यंत नेतो. विद्यापीठात अंधार असतो, बॅटरीवाला नसतो. तेव्हा सरळ विभागात फोन लावा. तिथल्या कार्यालयातल्या बाई संकेतस्थळाच्या दोन दिवस आधी खरं सांगतात.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. 1987 पासून गुरुकुल पद्धतीने चालतं. बारावीनंतर तिथे नाटकाच्या पदवीला जाता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे. जागा सगळीकडे मोजक्याच, कारण तालमीच्या एका खोलीत शंभर हॅम्लेट मावत नाहीत. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मुदत उलटून गेली असेल, तर तो विषय पुढच्या वर्षीचा. 1959 सालच्या या संस्थेला पदवीधर लागतो आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. गॅदरिंगला पडद्याची दोरी ओढली होती, ते या सहात धरत नाहीत.

समजा, उशिरा का होईना, अर्ज आत गेला. पुढे मुलाखत आहे. समोरचे विचारतात, "शेवटचं नाटक कुठलं पाहिलंत?" पोरगा एका वेबसिरीजचं नाव सांगतो. "वाचलंत काय?" तो नाट्यछटेची झेरॉक्स दाखवतो. रिकामी जागा आणि आपली जागा यांत फरक असतो, हे त्याला तिथे कळतं.

गंमत म्हणजे नाटक जाणणारी पोरं या रांगेत फारशी नसतातच. ती ऑगस्टात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी करत असतात. 1963 पासून पुण्यातली कॉलेजं या स्पर्धेसाठी रात्री जागवतात. परीक्षकही असे, की 2022 साली करंडकाच्या लायकीची एकही एकांकिका नाही म्हणून त्यांनी तो कुणालाच दिला नाही. इतक्या कडक शाळेत घासली गेलेली मुलं पुढे बँकिंगच्या परीक्षा देतात, कारण नाटक शिकायला जातो म्हटलं की घरात दुसरं नाटक सुरू होतं. दहावीला लोककलेच्या प्रमाणपत्राचे वाढीव गुण घेताना कला हा विषय असतो. बारावीनंतर तीच कला 'छंद' होते, आणि तिसऱ्या कॅप फेरीनंतर 'करिअर'.

आता सावध राहा तेवढं बारमाही दारांपासून. काही ॲक्टिंग अकॅडम्यांत प्रवेश कधीच बंद होत नाही. जुलैत जा, दिवाळीत जा, शिमग्याला जा. 'शेवटच्या तीन जागा' तशाच शिल्लक असतात. भिंतीवर मालिकेतल्या तारकांचे फोटो, खाली फीचे हप्ते. कोर्स सहा महिन्यांचा, आणि शेवटी पोर्टफोलिओ. तिथे पैसे भरण्याआधी विचारा : पदवी कुठल्या विद्यापीठाची? पूर्णवेळ शिक्षक किती? वर्षाला पूर्ण लांबीची नाटकं किती बसवता आणि ती तिकीट लावून कुठे होतात? प्रकाशयोजना, नेपथ्य शिकवता की फक्त रडायला शिकवता? उत्तरात 'कॉन्टॅक्ट्स' हा शब्द पहिल्या मिनिटात आला, तर चहा पिऊन निघा.

आणि खरोखर कुठेच जागा मिळाली नाही, तर आभाळ कोसळत नाही. जवळच्या कॉलेजात बीएला नाव घाला, एखाद्या प्रायोगिक संस्थेत सतरंज्या उचला, राज्य नाट्य स्पर्धेत 'दुसरा शिपाई' व्हा. पुढच्या वर्षी अर्ज वेळेवर भरा. तेव्हा मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल, आणि ते ऐकायला समोरच्यांनाही बरं वाटेल.

पालकांनाही एक गृहपाठ आहे. पोराच्या अंगातला नट निकालाच्या दिवशी शोधू नका. या शनिवारी त्याला नाटकाला घेऊन जा. तिकीट तुमचं, निवड त्याची. आणि प्रयोग सुरू असताना तुमचा मोबाईल बंद ठेवा.