फळीवरची दोघं

गॅरेजच्या फळीवर दोन वस्तू शेजारी शेजारी असतात आणि त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. एक थ्रेड लॉकरची छोटी लाल बाटली. बोल्टच्या आट्यांवर तिचा थेंब पडला की तो बोल्ट इंजिन कितीही थरथरलं तरी जागचा हलत नाही. दुसरा अँटी-सीझचा डबा. त्यातलं तांबूस मलम आट्यांना चोपडलं की वर्षानुवर्षं तापलेला बोल्टही मुकाट्यानं सुटतो. दोघांची कामं उलटी, आणि कुठे कोण लावायचं हे कळणारा तो खरा मिस्त्री.

बाटली विकत घेतली की पहिली तक्रार ठरलेली: अर्धीच भरलीय! पण त्यात फसवणूक नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास हे द्रव्य वापरण्याजोगं केलं, आणि पुढे त्याचं ‘लॉकटाइट’ झालं. हवा लागतेय तोवर ते पातळ राहतं. हवा तुटली आणि धातूची गाठ पडली की घट्ट होतं. म्हणून बाटलीत हवा ठेवावीच लागते. निळ्या जातीचं लावलेला बोल्ट पान्यानं सुटतो. लाल लावलेल्याला मात्र अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. हौशी माणूस हटकून लाल लावतो आणि पुढच्या मिस्त्रीकडून नाव न घेता शिव्या खातो.

अँटी-सीझ हे त्या पुढच्या मिस्त्रीसाठीच असतं. तांब्याची किंवा निकेलची बारीक पूड ग्रीसमध्ये कालवलेली. ग्रीस जळून गेलं तरी पूड आट्यांत राहते आणि धातूला धातू चिकटू देत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत सायलेन्सरचे स्टड कसे गंजतात हे ज्यानं पाहिलंय त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही. फक्त तो डबा उघडला की मलम बोल्टला लागतं त्याच्या आधी कोपराला, दाराच्या कडीला आणि चहाच्या ग्लासाला लागलेलं असतं. कसं, ते विचारू नये.

खरी गंमत पान्याच्या जोरात आहे. बोल्ट धरून ठेवतो तो आपल्या ताणामुळे, पण जोराची गत पगारासारखी: निम्मा डोक्याखालच्या घर्षणात कापला जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि ताणायला हातात पडतात दहाएक टक्के. मलमानं घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात ताण भलताच वाढतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असं झालं की आटे गेलेच म्हणून समजा.

म्हणूनच एनजीके आपल्या स्पार्क प्लगबद्दल बजावते की आट्यांवर मुलामा आहे, वर काही लावू नका. आमच्या मिस्त्रीला हे वाचून दाखवलं. "कंपनी जपानात आहे साहेब, गाडी मालवणात," तो म्हणाला आणि बोटाच्या टोकावर मावेल इतकंच मलम लावून त्यानं पाना नेहमीपेक्षा जरा आधीच थांबवला. जोर मोजणारा टॉर्क रेंच आहे त्याच्याकडे. चांगला महागातला आहे. वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून तिथे अडकवलेला असतो.