चाळीस यार्डांचे शास्त्रीबुवा

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात दोन दुखणी जडतात. एक गुडघ्याचं, दुसरं लायन्सचं. गुडघ्यावर औषध आहे. लायन्स हा तिथला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा संघ. २००८ साली त्यानं सोळापैकी सोळा सामने हरून दाखवले. एखादा सामना चुकून जिंकायचं पापही त्या वर्षी त्याच्या हातून घडलं नाही. अशा संघाचा चाहता जगतो तो एप्रिलवर.

एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस अमेरिकेत ‘ड्राफ्ट’ चालतो. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी पोरं बत्तीस व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत आपसात वाटून घेतात. बोली नाही, लिलाव नाही. गेल्या हंगामात ज्यानं सर्वांत जास्त माती खाल्ली त्याची पाळी पहिली आणि जो अजिंक्य ठरला तो रांगेच्या शेवटी. पराभवाला एवढं मानाचं पान दुसरीकडे कुठे वाढत असतील असं मला वाटत नाही.

तर आमचे शास्त्रीबुवा ह्या तीन दिवसांचे उपासक. शास्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे, मराठी मंडळातल्या लोकांनी दिलेली पदवी आहे. ह्या जातीची माणसं मिशिगनमध्ये गल्लोगल्ली सापडतात. कुणी पोलिश आडनावाचा पेन्शनर असतो, कुणी शाळेत गणित शिकवतो, कुणी न्हावी असतो आणि हातात वस्तरा असताना मत मांडत असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही. बुवा त्यांतले मराठी. नव्वदीत सांगलीकडून आले, मोटारींच्या ब्रेकची तपासणी करणाऱ्या खात्यात लागले. जेवणाच्या सुट्टीत सगळे फुटबॉल बोलत, म्हणून गप्पांपुरता हा खेळ शिकले. पुढे गप्पा मारणारे निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले, बुवा मात्र अडकले ते अडकलेच.

त्यातही त्यांचा खास विषय वाइड रिसीव्हर. म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून, खेळ सुरू होताच सुसाट सुटून, अंगावर दोघेजण कोसळत असताना चेंडू झेलणारा गडी. बाकीच्या जागा बुवांना गौण वाटतात. तीनशे पौंडांचा आडदांड पोरगा समोरच्याला ढकलतो, त्यात बघायचं काय, असं ते विचारतात. सामने जिंकून देण्यात त्या आडदांडांचा वाटा मोठा असतो हे त्यांना माहीत आहे. पण त्यांच्यावर प्रेम करता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटतं.

फेब्रुवारी सरता सरता इंडियानापोलिसला ‘कंबाइन’ भरतं. तिथे ह्या पोरांना जवळपास कपडे उतरवून मोजतात. उंची, वजन, हाताची लांबी आणि पंजा पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत. मग उभ्या उभ्या उडी, लांब उडी, तीन शंकूंभोवतीची धाव आणि सर्वांत गाजणारी चाळीस यार्डांची धाव, म्हणजे आपली साडेछत्तीस मीटर. बुवा त्या आठवड्यात रजा टाकतात. ऑफिसात ‘कौटुंबिक कारण’ असं लिहितात. एकदा एका पोराची वीत त्यांना पाव इंच कमी वाटली, तर जेवताना घास हातात धरून ते सुन्न बसले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटोसुद्धा धड पाहिला नव्हतात. वर ‘घराणं चांगलं आहे’ म्हणून मोकळे झालात. आणि ह्या परक्याच्या पोराची करंगळी मोजताय!”

“भाचीच्या नवऱ्याला ऐन मोक्याला चेंडू झेलायचा नव्हता,” बुवा म्हणाले.

त्यांची वही एकदा मी उघडून पाहिली आहे. दर पोराला एक पान. रकाने आखलेले : धाव, उडी, वीत, कंबर, वळणं घेण्याची कला, डोकं आणि शेवटी ‘घरचं वळण’. हा शेवटचा रकाना मुलाखती पाहून भरतात. मुलाखतीत आईचं नाव काढलं की पोराला दोन गुण जास्त. आजीनं वाढवलं असेल तर तीन. गळ्यात साखळी दिसली तर अर्धा गुण कापलेला असतो, पण पहिल्या फेरीत जाण्यासारखा पोरगा असेल तर तो अर्धा गुण पुढे खोडलेलाही असतो.

त्यानंतर येतं ‘फिल्म’. बुवा पिक्चर बघत नाहीत, फिल्म बघतात. त्यांच्या लॅपटॉपच्या डाव्या बाणाच्या बटणावरचा बाण पार पुसून गेला आहे. एकच झेल मागे नेऊन पुन्हा, परत मागे नेऊन पुन्हा. कॉलेजच्या खेळात झेल घेताना एक पाऊल रेषेच्या आत पडलं तरी चालतं, व्यावसायिकांत दोन्ही पावलं आत लागतात. म्हणून बुवा दुसऱ्या पावलाच्या शोधात असतात. मला एकदा त्यांनी तळघरात बोलावलं, चित्र थांबवलं, ब्रेकच्या चकतीवरचे चरे बघायचं भिंग पडद्याला लावलं.

“बघ. डावी टाच. आत आहे की बाहेर?”

“मला गवत दिसतंय.”

“तेच! गवत दिसतंय म्हणजे टाच उचललेली आहे. म्हणजे चवड्यावर भार आहे. हा पोरगा दोन्ही पावलं आत ठेवणार!”

खरी गंमत वेगळीच आहे. टीव्हीवर सामना दाखवताना कॅमेरा चेंडू फेकणाऱ्यावर असतो. रिसीव्हर पळत सुटला की काही क्षणांत चौकटीबाहेर जातो आणि चेंडू येईल तेव्हाच पुन्हा दर्शन देतो. मधल्या वेळात तो कसा वळला, समोरच्याला कसं चकवलं, हे बघायला उंचावरून बावीसच्या बावीस खेळाडू टिपणारी फिल्म लागते, आणि कॉलेजच्या सामन्यांची ती फिल्म संघांच्या खोलीत असते, बुवांच्या तळघरात नसते. पण ‘वळणं घेण्याची कला’ ह्या रकान्यात बुवांचे दहापैकी गुण भरलेले असतात. कसे, म्हणून विचारलं तर म्हणाले, “पडद्याबाहेर जाताना माणूस कसा जातो, त्यावरून सगळं कळतं.”

ह्या शास्त्राची भाषाही जपून वापरायला हवी. मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत बुवा शेजारच्या दक्षिण कॅरोलिनाकडच्या पाहुण्याला सांगत होते, “पोराच्या कमरेत काय लोच आहे हो! आणि हात एकदम मऊ.” पुढच्या दोन बायकांनी मागे वळून पाहिलं. बुवांच्या लक्षात आलं नाही. ते पुढे म्हणाले, “फक्त अंगाला अंग लागलं की बिचकतो.” रांगेत आपसूक जागा झाली.

आता बुवांच्या ह्या छंदाला डेट्रॉइटचा इतिहास कारणीभूत आहे, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मॅट मिलन हे गृहस्थ लायन्सचा कारभार पाहत असताना संघानं पाच वर्षांत चार वेळा पहिल्या दहांत रिसीव्हरच उचलला. २००३ साली चार्ल्स रॉजर्स, दुसऱ्या क्रमांकावर. घरचाच, सॅगिनॉचा पोरगा. त्याचं गळपट्टीचं हाड लागोपाठ दोन हंगामांत मोडलं. आणि त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टननं घेतलेला आंद्रे जॉन्सन आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे ह्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहे. २००४ साली रॉय विल्यम्स. २००५ साली माइक विल्यम्स, दहावा. अकराव्या क्रमांकावर डॅलसनं डीमार्कस वेअर घेतला, तोही आज हॉल ऑफ फेममध्ये. २००७ साली मात्र कॅल्विन जॉन्सन आला आणि गावाचे डोळे निवले. चारांत एक लागला. बुवा म्हणतात, “मी असतो तर चारही लावले असते.” २००३ च्या वहीत त्यांनी रॉजर्सला किती गुण दिले होते ते बघायला मिळत नाही, कारण ती वही तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या वह्या कोरड्या आहेत.

बुवा कधी चुकत नाहीत. पोरगं चमकलं तर “मी म्हणालोच होतो”, पडलं तर “कोचनं वाया घालवलं”. गुडघा, कोच, चेंडू फेकणारा आणि हवामान ह्या चार खुंट्यांवर त्यांनी आजवरचे सगळे अंदाज टांगून ठेवले आहेत. २०१७ साली जॉन रॉसनं चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत काढले, तेव्हाचा विक्रम. बुवा खुर्चीतून उठले, सिनसिनाटीनं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि पुढे त्याच्या हातून फारसं काही झालं नाही. त्याच वर्षी ४.६२ सेकंद लावणारा कूपर कप एकोणसत्तराव्या क्रमांकावर गेला. बुवांच्या वहीत त्याच्यापुढे शेरा होता : ‘सज्जन. हळू.’ ह्या सज्जनानं २०२१ च्या हंगामात १४५ झेल घेतले, १,९४७ यार्ड कमावले आणि सुपर बोल ह्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०१९ साली डीके मेटकाफ नावाचा सव्वासहा फुटी, १०३ किलोंचा देखणा गडी ४.३३ सेकंदांत धावला, पण तीन शंकूंभोवती वळताना टॉम ब्रेडीपेक्षाही जास्त वेळ घेऊन बसला. टॉम ब्रेडी चेंडू फेकण्यात थोर, पण त्याला पळताना पाहणं हा काही आनंदाचा भाग नव्हे. झालं, सगळे शास्त्री बिथरले. आठ रिसीव्हर त्याच्याआधी गेले आणि सिॲटलनं चौसष्टाव्या क्रमांकावर त्याला उचलून चांगला वापरून घेतला. “शंकूंचं काय एवढं!” असं बुवा आता म्हणतात. जेरी राइसच्या वेळीही तो मंद असल्याचा बोभाटा होता. १९८५ मध्ये तो सोळावा गेला आणि २०८ टचडाउन करून बसला. बुवांच्या मते हा किस्सा त्यांच्या शास्त्राच्या बाजूचा आहे. कसा, ते मी तीनचारदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मान डोलावली आहे.

ह्या पंथाचे आद्यपुरुष मेल कायपर. भांगापासून आवाजापर्यंत सगळं टोकदार. १९८४ पासून टीव्हीवर ड्राफ्टचा न्यायनिवाडा करतात. १९९४ साली इंडियानापोलिस कोल्ट्सच्या बिल टोबिन ह्यांनी कॅमेऱ्यासमोरच, हा कायपर लागून गेला कोण, ह्याची लायकी आमच्या शेजारच्या पोस्टमनपेक्षा जास्त नाही, अशा अर्थाचं सुनावलं. ती चित्रफीत लागली की बुवा आवाज बंद करतात. स्वतःच्या सख्ख्या काकाचा अपमान झाल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

ह्या शास्त्राची परीक्षा विद्वानांनीही घेतली आहे. त्यांतल्या रिचर्ड थेलर ह्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि केड मॅसी ह्यांनी ह्या ड्राफ्टचा हिशेब मांडला होता. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास आढळली. म्हणजे करोडो डॉलर, शेकडो माणसं आणि बुवांची वही हे सगळं मिळून नाणेफेकीला दोन टक्क्यांनी मागे टाकतं. मी हे बुवांना सांगितलं. ते खूश झाले. “ते दोन टक्के म्हणजेच अभ्यास,” म्हणाले.

२०२१ साली लायन्सनं चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर ॲमॉन-रा सेंट ब्राउनला घेतलं. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर गेले होते, आणि ती सोळाही नावं त्यानं पाठ करून ठेवली आहेत, कॉलेजांसकट. पुढे हाच पोरगा लायन्सचा आधारस्तंभ झाला. बुवांना तो फार आवडतो. एखाद्यानं ड्राफ्टची यादी एवढी मनावर घेतलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

दुखणं सुरू झालं ते लायन्स जिंकायला लागल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये संघानं बाद फेरीचा सामना जिंकला; त्याआधीचा तसा विजय १९९१ च्या हंगामातला. रस्त्यावर माणसं रडत होती. मी बुवांना फोन केला. “चांगलं झालं,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पण नंबर घसरला रे.” खरंच घसरला; थेट एकोणतिसाव्यावर.

आणि नेमका त्याच वर्षी ड्राफ्ट डेट्रॉइट शहरात भरला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं लोटली. बुवा वही, फोल्डिंगची खुर्ची आणि वहिनींनी दिलेला थेपल्यांचा डबा घेऊन पहाटे निघाले. खुर्ची दारातच काढून घेतली. चोवीस रिसीव्हरांची पानं तयार होती. लायन्सनं पुढे सरकून चोविसावा क्रमांक मिळवला तेव्हा बुवांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला. नाव पुकारलं : टेरियन आर्नल्ड, कॉर्नरबॅक. म्हणजे रिसीव्हरला अडवणारा. दुसऱ्या फेरीत आणखी एक कॉर्नरबॅक. सातही फेऱ्या संपल्या तरी एकही रिसीव्हर नाही. थेपले परत आले.

वहिनींना वाटलं, आता सुटलो. सोमवारी संध्याकाळी बुवांनी नवी वही आखायला घेतली. पुढच्या वर्षी येणारी पोरं अजून कॉलेजात होती, काही तर दुसऱ्या वर्षाला. रकाने तेच, फक्त एक वाढवला : ‘अडवता येतो का?’

तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर त्यांना सप्टेंबरमध्ये भेटा. खरे सामने सुरू झालेले असतात, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ असतो. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या गुरुवारी रात्री आठनंतर मात्र फोन करू नका. अगदीच अडलं तर शनिवारी सातवी फेरी संपल्यावर करा. फोन वहिनी उचलतील.