तांदूळ वाढले

आमच्या घरात तांदूळ कधी संपले नाहीत. संपले म्हणायचं नाही, ‘वाढले’ म्हणायचं. दहा वर्षांचा असताना मी वाण्याला निरोप दिला, “आईने सांगितलंय, तांदूळ वाढलेत.” त्याने मान वर न करता पाच किलो तोलून दिले.

प्रोग्रामिंगमधला पायथन काही इतका समजूतदार नाही. एखादं मोड्यूल ‘इम्पोर्ट’ कर म्हटलं की तो आधी आपली वही उघडतो. तिचं नाव सिस डॉट मोड्यूल्स. मोड्यूल तिथे असेल तर तेच उचलायचं, नसेल तर शोधायला निघायचं. गोम अशी, की या वहीत नावापुढे मुद्दाम ‘नन’ लिहून ठेवता येतं. त्याचा अर्थ ‘नाही’ असा नव्हे, ‘नको’ असा: डिस्कवर असलं तरी आणायचं नाही! आता नावच वहीत नसेल, तर साधं ‘गेट’ काय उत्तर देतं? तेही ननच. पायथन २ मध्ये तर या ननला तिसराच अर्थ होता: पॅकेजात शोधून झालं, आता बाहेर बघ. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ साली ‘इथे काही नाही’ सांगणारा शून्य-संदर्भ काढला आणि २००९ मध्ये त्याला स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटलं, ते उगाच नव्हे.

पायथनवाल्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी एक कोरा ऑब्जेक्ट घडवला. त्याला ना गुण, ना काम. नाव तेवढं ‘नीड्स लोडिंग’. वहीत नाव सापडलं नाही, की ननऐवजी हा हाती येतो. जगात त्याच्यासारखा दुसरा नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व. पण त्यामुळे ‘नाही’ आणि ‘नको’ वेगळे झाले.

हे मला कळलं तेव्हा अख्खी दुपार गेली होती. लायब्ररी नसली तर प्रोग्राम कसा वागतो हे बघायला एका चाचणीत कुणीतरी नन लिहिलं होतं आणि पुसायचं राहिलं होतं. मी ‘मोड्यूल नॉट फाउंड’ एवढंच वाचून ती लायब्ररी तीनदा काढून पुन्हा बसवली. वहीत नन आहे म्हणून आयात थांबवली, असं त्याच ओळीत पुढे स्पष्ट लिहिलेलं होतं.

परवा आईचा मेसेज आला, ‘तांदूळ वाढलेत.’ मी पाच किलोची पिशवी घेऊन पोचलो. स्वयंपाकघरात दाराला टेकून एक अख्खं पोतं उभं.

“अरे, मामाने गावाहून पाठवलंय,” आई म्हणाली. “खरंच वाढलेत. थोडे घेऊन जा, म्हणून कळवलं.”