बोळा

आमच्या शेजारच्या आबांना गळणारी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. नळ असो, पत्रा असो, नाहीतर नातवाचं नाक. ती का गळते हा प्रश्न त्यांना पडत नाही. कुठून गळते एवढं कळलं की पुरे, तिथं बोळा. त्यांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात एम-सील, सुतळी, सायकलच्या ट्यूबचे काप, धुण्याच्या साबणाची वडी आणि हळदीची पुडी गुण्यागोविंदानं नांदतात. साबण डिझेलच्या टाकीला चोळायला, हळद रेडिएटरच्या पाण्यात टाकायला. थट्टा नव्हे, हळद पाण्याबरोबर फिरत बारीक भेगेत जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते, हे कुठलाही जुना ट्रक ड्रायव्हर सांगेल. पण ड्रायव्हर घरी पोचल्यावर रेडिएटर काढून डाग मारून घेतो. आबा नवी पुडी आणतात. एकदा रेडिएटरचं झाकण उघडं होतं, तेव्हा आतला रंग बघून काकूंनी विचारलं होतं, "लग्न कुणाचं आहे?"

आबांची पिकअप अठरा वर्षांची, म्हणजे लायसन काढायच्या वयाची. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेते, एरवी जे मिळेल ते. रात्री अंगणात उभी. सकाळी काकू रांगोळी काढायला बसल्या की त्यांच्या ठिपक्यांच्या जोडीला एक काळा ठिपका हजर असायचा. एक दिवस काकू म्हणाल्या, "एकतर गाडी बाहेर लावा, नाहीतर रांगोळी तुम्ही काढा."

आबा पोतं अंथरून गाडीखाली शिरले. पाच मिनिटांत आवाज आला, "सापडला चोर!" इंजिनावरून एक रबरी नळी खाली लोंबत होती. तोंड उघडं, आत तेलाचा ओशटपणा, गाडी चालू केली की तिच्यातून धूर फुसफुसायचा. कंपनीचा माणूस ही नळी जोडायची विसरला, असं आबांचं निदान. त्यांनी तिच्या तोंडात बोळा कोंबला, वरून तारेनं आवळलं आणि हात पुसत चहा मागितला.

त्याच सुमारास नातवाचा शाळेचा एक मोजा हरवला. काकूंनी कपाट उपसलं. आबांनीही मनापासून शोधला.

आठवडाभर अंगण कोरडं होतं. मग टॅपेट कव्हरच्या कडेनं तेल पाझरू लागलं. आबांनी दहा नंबरचा पाना घेऊन बोल्ट आवळले, आणि आवळले म्हणजे आबांनी आवळले. खालचं बुचाचं पॅकिंग अशा प्रेमाला सरावलेलं नसतं, ते चिरलं. आबांनी नवं बसवून भरपूर शेलॅक चोपडलं. वरची वाट बंद झाल्यावर तेल खाली चेंबरच्या जोडातून यायला लागलं. तिथंही शेलॅक. मग तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकू लागली. रोज सकाळी दाबावी, बाजारात पोचेपर्यंत बोटभर वर. आबांनी ती ट्यूबच्या रबरानं बांधून टाकली. मी विचारलं, "आबा, पट्टी वर का येते?"

"जुनी गाडी आहे, मान वर करून रस्ता बघते."

तेलाचा एक डबा आता कायमचा सीटखाली होता. आबा रोज ओतत, गाडी रोज सांडत. मला विचाराल तर या व्यवहारात आबा सुखी होते. काहीच गळत नसलं तर हा माणूस सकाळी उठून काय करेल, अशी मला भीती वाटते.

शेवटी माळशेज घाटात, भरलेल्या गाडीत, क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल थेट क्लच प्लेटवर उतरलं होतं. तो सील बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तिथं आबांचा हात पोचत नव्हता, आणि केवळ म्हणून ते मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री कमी बोलणारा. त्यानं डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, कोरडं केलं, वर पावडर मारली आणि गाडी चालू केली. पांढऱ्यावर ओले ओघळ कुठून निघतात ते बघत राहिला. ते एवढ्या ठिकाणांहून निघत होते की त्यानं बघणं सोडून दिलं. पट्टीवरचं रबर सोडलं, तशी पट्टी टुणकन उडाली.

"आबा, ब्रीदरची नळी कुठाय?"

"ती होय? ती बंद केली. तीच तर गळत होती."

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. मग समजावलं: रिंगा झिजल्या की पिस्टनच्या बाजूनं गॅस खाली चेंबरमध्ये उतरतो. जुन्या गाडीत जरा जास्तच. बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. तो बाहेर जायला ती नळी ठेवलेली असते. ती कोंडली की गॅस तेलाला ढकलतो, जिथं पॅकिंग मऊ तिथून. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, आबा? तुम्ही नाक दाबलंत, गाडीनं असतील नसतील ती सगळी तोंडं उघडली."

"मग आता?"

"सील टाकतो, क्लच प्लेट टाकतो, पॅकिंगं बदलतो. नळी मोकळी राहील. तिच्यातून धूर येणार, थेंबही पडणार. रिंगा गेल्यात, एक ना एक दिवस इंजिन काम काढावं लागेल."

"कुठला दिवस ते नाही ना सांगितलंस?" आबा समाधानानं म्हणाले.

मिस्त्री गाडीखाली गेला. तार तोडली, पकडीनं बोळा धरून ओढला. तो लांबत लांबत बाहेर आला: काळाकुट्ट, तेलानं निथळणारा, टाचेसकट. वरच्या काठावर शाळेची निळी पट्टी अजून ओळखू येत होती.

आबांनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"घ्या!" ते म्हणाले. "आणि ही घरात शोधतेय."