सायलेन्सर: काढणे व पुन्हा बसवणे

हलक्या स्पोर्ट्‌स कारचा सायलेन्सर बदलण्याचा विधी दोन टप्प्यांत पार पडतो. पहिल्या टप्प्यात मालक पैसे मोजून गाडीचा आवाज वाढवतो. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा पैसे मोजून तोच आवाज कमी करतो. एवढे झाल्यावर गाडी पूर्वी जितकी वेगवान होती, साधारण तितकीच राहते. ब्रिटनमध्ये हा विधी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळला जात असल्याने त्याची क्रमवार माहिती देणे अगत्याचे आहे.

नमुन्यादाखल लोटस एलिस ही गाडी घ्यावी. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात हेथेल येथे लोटस कंपनीच्या कारखान्यात ती तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धात याच जागेवरून अमेरिकन लिबरेटर बॉम्बर उड्डाण करत, त्यामुळे परिसराला आवाजाची सवय जुनी. १९९६ मध्ये या गाडीचे उत्पादन सुरू झाले. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो आर्टिओली यांच्या नातीचे नाव एलिसा, त्यावरून गाडीचे नाव ठरले. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चक्क गोंदाने चिकटवून सांगाडा केलेला. त्याचे वजन सत्तर किलोच्या आत आणि आख्खी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. इंजिन रोव्हरचे, १.८ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे. आकडा घरगुती गाडीला शोभेल असाच. पण ओढायला ओझेच नसल्याने गाडी पळते. संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी वजन घटवणे हा कंपनीचा धर्म करून ठेवला होता. ते १९८२ मध्ये गेले, पण काचा हाताने फिरवून खाली करायच्या आणि पायाखाली उघडे अ‍ॅल्युमिनियम ठेवायचे, इथपर्यंत अनुयायांनी तो धर्म पाळला.

अशा गाडीत इंजिनाच्याही मागे, अगदी शेपटाला आडवा लटकलेला पोलादी डबा दिसला की मालकाच्या पोटात दुखू लागते.

डबा तिथे उगाच बसवलेला नसतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेते तेव्हा सेकंदाला सुमारे १८३ स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि तापलेला, दाबाखालचा वायू एकदम सुटतो. मधे काही नसेल तर शेजारच्या गल्लीतले कुत्रेही उठून बसेल. अमेरिकेत १८९७ मध्ये रीव्ह्‌ज बंधूंनी सायलेन्सरचे पेटंट घेतले, म्हणजे मोटारीचा जन्म होऊन दहा-बारा वर्षेही झाली नव्हती तोच लोकांना तिचा कंटाळा आला होता. तेव्हापासून आजवर उपाय मुख्यतः दोनच. एकात वायूला कप्प्याकप्प्यांतून वळवत नेतात, ध्वनिलहरी आपटून परत फिरतात आणि एकमेकींना मारतात. दुसऱ्यात वायू छिद्रे पाडलेल्या सरळ नळीतून जातो आणि नळीभोवती ठासून भरलेली काचतंतूंची किंवा बेसॉल्टची लोकर आवाज पिते. कारखाने बहुधा पहिल्या पद्धतीकडे झुकतात, कारण ती टिकते. बाजारात मिळणारा ‘स्पोर्ट’ सायलेन्सर बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. तो हलका असतो, वायू अडवत नाही, आणि त्यातली लोकर उष्णतेने हळूहळू जळून बाहेर उडून जाते. आवाज दर महिन्याला थोडा थोडा चढतो. मालकाच्या ते लक्षात येत नाही, कारण त्याची श्रवणशक्तीही त्याच गतीने उतरत असते.

शक्ती वाढते का, या प्रश्नावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो की वाट मोकळी झाली की इंजिन मोकळा श्वास घेते. दुसरा म्हणतो की इंजिनाला थोडा अडथळा लागतोच, नाहीतर खालच्या फेऱ्यांत जोर जातो. दोघेही चुकीच्या टोकाला उभे आहेत. खरी करामत इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमध्ये होते. तिथल्या नळ्यांची लांबी आणि जाडी नेमकी साधली, तर एका स्फोटामागून परतणारी कमी दाबाची लहर दोन्ही झडपा क्षणभर उघड्या असताना पोचते आणि जळका वायू ओढून काढून ताज्या हवेला आत घेते. शेवटचा डबा या प्रकरणात शेवटीच येतो. निव्वळ तो बदलून मिळणारी अश्वशक्ती हाताच्या बोटांवर मोजता येते, आणि तेवढी बोटेही नेहमी लागत नाहीत.

उरले वजन. नवा टायटॅनियमचा डबा हलका असतो, हा दावा मात्र खरा आहे. पोलादाची घनता आठच्या जवळ, टायटॅनियमची साडेचार. त्यात शेपटाचे वजन घटल्याने वळणावर फायदा व्हायलाच हवा. समजा पाच किलो वाचले. सव्वासातशे किलोच्या गाडीत ही बचत पाऊण टक्क्याहून कमी, म्हणजे एक अश्वशक्तीसुद्धा वाढवल्यासारखे नाही. टाकीत पेट्रोल सात लिटर कमी भरले तरी हाच परिणाम साधतो, आणि त्यासाठी पंपावर पैसे द्यावे लागत नाहीत, उलट वाचतात. ही पद्धत अजून लोकप्रिय झालेली नाही. टायटॅनियमचा दुसरा गुण असा, की तापल्यावर त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे सोनेरी, जांभळा, निळा रंग दिसतो. हा रंग पाहण्यासाठी गाडीमागे ओणवे व्हावे लागते. शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या अनेक घरांसमोर प्रौढ गृहस्थ या अवस्थेत आढळतात.

प्रत्यक्ष बसवणे हे, माहितीपत्रकानुसार, एका दुपारचे काम. गाडी चार स्टँडवर चढवायची. मग बुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढायचा. त्याचे स्क्रू वीस वर्षे पावसात आणि रस्त्यावरच्या मिठात भिजलेले, त्यामुळे निम्मे फिरतात आणि निम्मे फिरल्यासारखे करतात. पुढे फ्लँजचे बोल्ट. त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे असे जाणते सांगतात आणि मालक दहा मिनिटे ठेवतो. पाना लावला की बोल्ट आधी गच्च राहतो, मग लोण्यासारखा मऊ होतो आणि डोके हातात येते. उरलेला बोल्ट ड्रिलने पोखरायचा किंवा ग्राइंडर आणायचा. रबराची हँगर साबणाच्या पाण्याशिवाय निघत नाहीत. जुना डबा एकदाचा छातीवर पडतो तेव्हा त्याचे वजन प्रथमच खऱ्या अर्थाने जाणवते. नवा बसवताना कळते की खोक्यात गॅस्केट नाही. ते सोमवारी मिळेल. सोमवारी गाडी चालू केली की समोरच्या घराचा पडदा किंचित हलतो.

पहिला आठवडा सुखाचा जातो. बोगद्यांचे महत्त्व कळते आणि मुद्दाम खालचा गिअर टाकला जातो. मग मोटरवेवरचा लांबचा प्रवास येतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्‌झचा एक अखंड घुमारा. छोट्या बंद केबिनमध्ये तो दुणावतो आणि कवटीत जाऊन बसतो. शेजारी बसलेली पत्नी काहीतरी विचारते, मालक मान डोलावतो, आणि आपण कशाला हो म्हटले ते त्याला घरी पोचल्यावर समजते.

कायद्याची बाजू सोपी आहे. ब्रिटनच्या १९८६च्या नियमावलीनुसार सायलेन्सर सुस्थितीत असावा आणि त्यात आवाज वाढेल असा फेरफार करू नये. म्हणून असे कित्येक सायलेन्सर ‘फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी’ या शिक्क्यानिशी विकले जातात. ट्रॅकपर्यंत गाडी रस्त्यानेच जाते, हा तपशील शिक्क्यात मावत नाही. वार्षिक एमओटी तपासणीत फाजील आवाजावर परीक्षक आपल्या कानांनी निर्णय देतो. त्यामुळे जरा वयस्क परीक्षकाला मालकांत मोठा मान असतो. काही जण उत्साहाच्या भरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकतात. तो मूळचा असलेला आणि आता नसलेला दिसला की तपासणी तिथेच संपते. विमा कंपनीलाही फेरफार कळवायचे असतात. आवाज वाढवल्याचा आनंद तिला होत नाही, तिचा हप्ता तेवढा वाढतो.

खरी कसोटी ट्रॅकवर. आसपासच्या गावांच्या तक्रारींमुळे ट्रॅकवाल्यांनी मर्यादा घालून घेतल्या आहेत, त्या बहुतेक ठिकाणी शंभर डेसिबलच्या आगेमागे. चाचणी उभ्या गाडीची होते. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरतात. जास्तीत जास्त शक्ती ज्या फेऱ्यांना मिळते त्यांच्या तीन-चतुर्थांशावर इंजिन धरायला सांगतात. एलिसला म्हणजे ५५००च्या हिशेबाने ४१२५. मालक पाय हलका ठेवून ३८०० वर थांबतो; कर्मचारी खिडकीतून काट्याकडे बघतो आणि बोट वर करतो, अजून. मीटर १०३ दाखवतो. तीन डेसिबलने काय होते, अशी हुज्जत घालण्याचा प्रघात आहे. डेसिबलचे माप लॉगॅरिदमचे असल्याने तीनने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे मालकाला ठाऊक असते, पण त्या क्षणी आठवत नाही.

यावरही इलाज विकत मिळतो. नळीच्या तोंडात खुपसायचे, मधे भोक असलेले बूच. ते लावले की बऱ्याचदा वायूला मूळच्या सायलेन्सरपेक्षाही अरुंद वाट उरते. मोकळ्या श्वासासाठी झालेला खर्च बुचासकट हिशेबात धरावा. पकडीचा स्क्रू नीट आवळला नसेल तर ते मधेच सुटून मागच्या गाडीच्या दिशेने निघते. जबाबदार मंडळी बुचाऐवजी दुसरा, मोठा सायलेन्सर बसवतात. त्याचे वजन विचारू नये.

महाराष्ट्रात हाच षौक बुलेटवर भागवला जातो आणि चाचणीची पद्धत अधिक सुटसुटीत आहे. वाहतूक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात. डेसिबलचा वाद उद्भवत नाही.

लोटसने मात्र प्रश्न मुळातूनच निकालात काढला. २०२१ मध्ये शेवटची एलिस कारखान्यातून बाहेर पडली. २०२३ मध्ये कंपनी भारतात आली ती एलेट्रे ही विजेवरची एसयूव्ही घेऊन. सायलेन्सर नाही, धूर नाही, वजन सुमारे अडीच टन. युरोपात विजेच्या गाड्या फारच गुपचूप चालतात म्हणून कमी वेगात त्यांनी कृत्रिम आवाज काढलाच पाहिजे असा नियम आहे, त्याचा स्पीकर गाडीतच बसवलेला असतो.

एलिस आता नव्याने मिळत नसल्याने जुन्यांना भाव आहे, आणि गिऱ्हाईक सगळे मूळचे सुटे भाग मागते. म्हणून माळ्यावर ठेवलेला पोलादी डबा खाली येतो, नवे गॅस्केट घालून जागेवर बसतो आणि गाडी विकली जाते. टायटॅनियमचा सायलेन्सर वेगळा विकायचा असतो. जाहिरातीत निळ्या-जांभळ्या रंगाचा फोटो जवळून द्यावा. आतली लोकर संपली आहे हे लिहिण्याची पद्धत नाही.